पडदे झिजायलाच हवेत

गेल्या जानेवारीत एक आजी गिटार घेऊन आल्या. बाहेर उणे बारा अंश तापमान होतं, म्हणून मी पेटी लगेच उघडू दिली नाही. थंडीतून आलेलं वाद्य उबेत एकदम उघडलं की जुन्या लॅकरला केसासारख्या बारीक चिरा जातात. पेटी बंद ठेवून दोन-तीन तास वाट बघावी लागते. तेवढ्या वेळात आजींनी कॉफी घेतली आणि नवऱ्याचं सांगितलं. आठवडाभर कागदाच्या गिरणीत काम करायचं आणि शुक्रवार-शनिवारी रात्री लग्नं, क्लब, डान्स हॉल गाठायचे, अशी त्यांनी चाळीस वर्षं काढली. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. आजी आता वृद्धांच्या निवासात राहायला जाणार होत्या आणि तिथला महिन्याचा खर्च ऐकून माझ्याच पोटात गोळा आला.

पेटी उघडली. आत १९५८ची गिब्सन ईएस-१७५ होती. पोकळ पोटाची, व्हायोलिनसारखी वळणदार भोकं असलेली, जाझ वाजवणाऱ्यांची लाडकी गिटार. पुढच्या पाटीवर मालकाने कधीतरी स्वतःच्या हाताने वॉर्निश फिरवलेलं. खुंट्या मूळच्या नव्हत्या. खुंट्यांकडचे पहिले पाच फ्रेट, म्हणजे पडदे, इतके झिजलेले की प्रत्येक तारेखाली खळगा पडला होता. तिथे चाळीस वर्षं एका माणसाची बोटं रोज पडत होती हे न सांगता कळत होतं. मी तारा बदलल्या, ॲम्प्लिफायरला जोडली आणि एक साधा सी मेजर वाजवला. आजींनी मान खाली घातली. मी पुढे काही वाजवलं नाही.

माझ्याआधी त्यांनी ती एका व्यापाऱ्याला दाखवली होती. त्याने दोन आकडे सांगितले होते. एक अख्ख्या गिटारचा, दुसरा फक्त तिच्यातल्या दोन पिकअपचा. दुसरा आकडा मोठा होता. "पिकअप काढून द्या, लाकूड तुमच्याकडेच राहू दे," असं तो म्हणाला होता. आजी मला विचारायला आल्या होत्या, की यात काही फसवणूक आहे का?

फसवणूक नव्हती. बाजारात खरोखर तसाच भाव आहे आणि त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

मी मूळचा मिरजेचा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलामझू नावाचं शहर आहे, तिथे एका औषध कंपनीत मी सव्वीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले तीन दिवस एका छोट्या दुकानात गिटार दुरुस्तीच्या बाकावर बसतो. या शहराचं नाव मराठी वाचकाने ऐकलं असण्याचं कारण नाही, पण गिटारवाल्यांना ते तीर्थक्षेत्रासारखं आहे. ऑर्व्हिल गिब्सन नावाचा माणूस इथे मँडोलिन बनवायचा. १९०२ साली त्याच्या नावाची कंपनी निघाली, १९१७ साली ती पार्सन्स स्ट्रीटवरच्या विटांच्या इमारतीत गेली आणि १९८४ साली इथला कारखाना बंद होईपर्यंत त्याच इमारतीत राहिली. ती इमारत अजून उभी आहे. माझ्या बाकापासून दीड मैलावर. काही जुने कामगार कंपनीबरोबर टेनेसीला गेले नाहीत. त्यांनी १९८५ साली त्याच इमारतीत हेरिटेज नावाने स्वतःच्या गिटारी बनवायला घेतल्या. त्या आजही तिथेच बनतात.

याच इमारतीतून १९५८ ते १९६० या तीन वर्षांत लेस पॉल स्टँडर्ड नावाची एक गिटार बाहेर पडली. मधोमध पिवळी, कडेला लालसर होत जाणारी. सूर्यास्ताच्या आभाळासारखा रंग म्हणून 'सनबर्स्ट', आणि लाडाने नुसतं 'बर्स्ट'. तीन वर्षांत मिळून साधारण दीड-पावणेदोन हजार झाल्या असाव्यात. तेव्हा किंमत अडीचशे ते तीनशे डॉलरच्या दरम्यान. गिटार चालली नाही. वजनाला चार किलोच्या आसपास, लोकांना जड वाटली, खप घसरला. कंपनीने तो आकारच बंद करून १९६१पासून पातळ, दोन शिंगांची नवी गिटार बाजारात आणली. ज्या वाद्याला आज इलेक्ट्रिक गिटारमधला कोहिनूर म्हणतात ते कारखान्याच्या वहीत पडेल माल म्हणून बंद झालेलं आहे.

मग ती पुन्हा वर आली कशी? वाजवणाऱ्यांनी आणली. १९६६ साली लंडनमध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या बँडबरोबर एक रेकॉर्ड केली. जुनी, वापरलेली लेस पॉल आणि कान फाटेल इतका वाढवलेला मार्शल ॲम्प्लिफायर. तो आवाज त्याआधी कुणी तसा ऐकला नव्हता. ती गिटार त्याच उन्हाळ्यात चोरीला गेली आणि अजून सापडलेली नाही. पाठोपाठ माइक ब्लूमफिल्ड, पीटर ग्रीन, जिमी पेज. मागणी इतकी झाली की १९६८ साली गिब्सनला लेस पॉल पुन्हा काढावी लागली. पण नवी ती जुन्यासारखी नव्हती. त्याच सुमाराला कंपनीची मालकी बदलली. तिकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी आपली गिटार कंपनी १९६५च्या जानेवारीत सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली होती, तिथलाही दर्जा घसरत गेला. सत्तरच्या दशकात ज्याला चांगली गिटार हवी तो जुनी शोधू लागला. त्यात तथ्य होतं. नवा माल वाईट आणि जुना बरा, असा तो सरळ व्यवहार होता.

याच क्लॅप्टन यांनी १९७० साली नॅशव्हिलच्या एका दुकानातून फेंडरच्या पन्नासच्या दशकातल्या सहा स्ट्रॅटोकास्टर गिटारी घेतल्या. कुणाला नको होत्या म्हणून स्वस्तात. तीन मित्रांना वाटल्या. उरलेल्या तिघींपैकी एकीची मान, एकीचं अंग, एकीचे पिकअप असं जोडून जी काळी गिटार केली ती पुढे 'ब्लॅकी' म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्या गळ्यात राहिली. २००४ साली ती ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली आणि पैसे त्यांच्या व्यसनमुक्ती केंद्राला मिळाले. आजच्या बाजाराचा नियम लावला तर या गिटारला तीन गिटारींचा खून म्हणावं लागेल. भाग एकमेकांचे नाहीत, मूळ काही उरलेलं नाही. क्लॅप्टन यांनी वाजवली नसती तर तिला कुणी विचारलं नसतं.

मोठ्या वादकांच्या गिटारींबद्दल माझी तक्रार नाही, हे इथेच सांगून टाकतो. डेव्हिड गिल्मर यांची काळी स्ट्रॅट २०१९ साली ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. कर्ट कोबेन यांनी १९९३च्या एमटीव्हीच्या कार्यक्रमात वाजवलेली मार्टिन गिटार पुढच्याच वर्षी ६० लाख १० हजारांना गेली. तिथे लोक माणसाच्या आठवणीचे पैसे देतात आणि आठवणीला भाव कितीही असू शकतो. गिल्मर यांनी तर त्या लिलावाचे सगळे दोन कोटींवर डॉलर पर्यावरणाच्या कामाला दिले. माझं दुखणं वेगळं आहे. ज्या गिटारी कुणा नामांकिताच्या नव्हत्या, ज्या गिरणी कामगारांच्या, पोस्टमनच्या, चर्चमध्ये वाजवणाऱ्या मुलांच्या होत्या, त्यांच्यावर या भावाने काय आणलं आहे त्याबद्दल मी बोलतो आहे.

आजींच्या गिटारमधला पिकअप म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा खेळ तिथेच आहे. पोलादी तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की वेढ्यांत वीज निर्माण होते, ती ॲम्प्लिफायरकडे जाते. यात एक अडचण अशी, की हे वेटोळं घरातल्या विजेची घरघरही पकडतं. गिब्सनचे एक इंजिनिअर सेथ लव्हर यांनी १९५५ साली तोड काढली. दोन वेटोळी उलटसुलट जोडली की घरघर आपसांत मरते आणि तारेचा सूर तेवढा उरतो. पेटंटचा अर्ज केला, ते मिळेपर्यंत पिकअपच्या पाठीला 'पेटंट अप्लाइड फॉर' असा काळा, छोटा स्टिकर चिकटवला. १९५९ साली पेटंट मिळालं, तरी स्टिकर साठ्यातले संपेपर्यंत १९६२च्या सुमारापर्यंत लागत राहिले. मग 'पेटंट क्रमांक' असा दुसरा स्टिकर आला. त्यावर छापलेला क्रमांक या पिकअपचा नव्हताच, तारा अडकवायच्या पट्टीच्या पेटंटचा होता.

आता बाजार बघा. जुन्या स्टिकरचा शेवटचा पिकअप आणि नव्या स्टिकरचा पहिला पिकअप यांत तार तीच, चुंबक तेच, कामगार तेच. मी दोन्ही उघडून पाहिले आहेत, मोजले आहेत. फरक फक्त स्टिकरचा. पण पहिल्या स्टिकरच्या एका पिकअपला हजारो डॉलर मिळतात आणि दुसऱ्याला त्याहून बरेच कमी. त्यातही आतली प्लास्टिकची रिळं काळी असण्याऐवजी पांढुरकी निघाली तर भाव आणखी चढतो. १९५९च्या सुमाराला काळ्या रंगाचं प्लास्टिक कमी पडलं म्हणून मिळेल त्या रंगाची रिळं वापरली गेली, एवढंच त्यामागचं कारण. झाकणाखाली असतात ती. वाजवताना कुणाला दिसतसुद्धा नाहीत.

हे पिकअप एकमेकांसारखे नसतात हे खरं आहे. यंत्रावर बसलेली बाई वेढे नजरेने बघून यंत्र थांबवायची, त्यामुळे एकात चारशे-पाचशे वेढे जास्त, दुसऱ्यात कमी. चुंबकही हाताला येईल त्या ताकदीचे. त्यामुळे काही पिकअप फार सुंदर वाजतात आणि काही अगदीच सामान्य. सामान्य वाजणाऱ्यालाही भाव तोच, कारण भाव स्टिकरचा आहे. बर्स्टच्या पाटीचंही तसंच. काही पाट्यांच्या मॅपलमध्ये वाघाच्या पट्ट्यांसारखे नागमोडी झोत दिसतात. कारखान्यात हे लाकूड नक्षी बघून निवडत नव्हते, समोर आलेला तुकडा लावत होते. लाल रंग उन्हात विटतो, म्हणून खिडकीजवळ टांगलेल्या गिटारी पिवळ्या झाल्या आणि पलंगाखाली राहिलेल्या लाल राहिल्या. आज या पट्ट्यांवरून आणि विटलेल्या रंगावरून दोन सारख्या गिटारींत लाख-लाख डॉलरचा फरक पडतो. चांगली बर्स्ट तीन लाख डॉलरच्या पुढे, म्हणजे अडीच कोटी रुपयांच्या घरात जाते. हा भाव डोळ्यांनी ठरवलेला आहे. कानाला त्यात कुणी विचारलेलं नाही.

व्हायोलिनच्या जगात हे तपासून पाहिलेलं आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी आधी इंडियानापोलिसला २१ वादकांना, मग पॅरिसजवळ १० नामवंत एकल वादकांना जवळजवळ अंधारात, काळे चष्मे लावून जुनी-नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. स्ट्रॅडिव्हेरियससकट. दोन्ही वेळा पसंती बहुतांशी नव्या वाद्यांकडे झुकली आणि जुनं कुठलं हे वादकांना खात्रीने ओळखता आलं नाही. व्हायोलिनचा सगळा आवाज लाकडातून येतो, तिथे ही गत. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तर लाकडाचा वाटा त्याहून कमी.

जुन्या गिटारी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यातल्या काही इतक्या चांगल्या आहेत की हातात घेतल्यावर खाली ठेववत नाहीत. पण आज नवी गिटारही उत्तम मिळते. दोन-तीन हजार डॉलरात आज जी गिटार येते तिची मान सरळ, फ्रेट एका रेषेत, सूर पक्का. बाकावर रोज दोन्ही प्रकारच्या गिटारी उघडून मी हे सांगतो आहे. १९५९च्या कित्येक गिटारींचे फ्रेट कारखान्यातूनच वरखाली बसलेले असतात.

आणि इथे माझं मिरज आड येतं.

आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली चालत पाच मिनिटांवर होती. शाळेतून येताना मी तिथे थांबायचो. भोपळ्याचा वास, लाखेचा वास, कानशीचा खरखर आवाज. सगळ्यांत जास्त वेळ जवारीचं काम बघण्यात जायचा. तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा माथा अगदी अंधूक उताराचा असतो. तारा त्या उतारावर किंचित घासत वाजतात, म्हणून सूर असा फुलून येतो. वाजवून वाजवून तारा त्या माथ्यात रुततात, चर पडतात, सूर बसका होतो. मग कारागीर कानस घेऊन माथा घासतो, तार चढवून ऐकतो, पुन्हा घासतो. ऐकतो आणि घासतो. दर वेळी घोडीचा थोडा भाग कायमचा जातो. असं करत करत एक दिवस घोडीच बदलावी लागते. भोपळा तडकला तर सांधतात, तबली खचली तर नवी बसते, खुंट्या तर किती वेळा बदलल्या याचा हिशोब कुणी ठेवत नाही. एवढं सगळं होऊनही तो तंबोरा आजोबांचाच तंबोरा असतो. 'मूळची जवारी आहे, कधी हात लावलेला नाही' असं कुणी अभिमानाने सांगितलं तर आमच्याकडचा कारागीर एकच विचारेल, मग हा वाजवला कुणी नाही का?

सतारीला पडदे असतात, गिटारला फ्रेट. दोन्ही धातूचे, दोन्ही तारेखाली झिजतात. जुन्या गिटारच्या जाहिरातीत मात्र 'मूळ फ्रेट' ही मोठी थोरवी. 'मूळ सोल्डर, कधी उघडलेली नाही.' 'मूळ रंग.' रंग पुन्हा दिला असेल तर किंमत निम्मी, हा इथला जुना ठोकताळा आहे. खुंट्या बदलल्या, किंमत कमी. मान मोडून सांधली, किंमत कमी, मग सांधा मूळ लाकडापेक्षा मजबूत का असेना. म्हणजे जो वादक तिच्याबरोबर राबला, ज्याने ती पडली तर उचलून सांधली, झिजली तर पडदे बदलून पुन्हा कामाला लावली, त्याच्या गिटारला बाजार दंड करतो. जो तिला पलंगाखाली ठेवून विसरला त्याला बक्षीस. मला हे उलटं वाटतं आणि कितीही विचार केला तरी सुलटं होत नाही.

याचा परिणाम बाकावर दिसतो. लोक दुरुस्ती टाळतात. मान वाकलेली, फ्रेट संपलेले, सूर लागत नाही अशी गिटार घेऊन येतात आणि म्हणतात, साफ करा, पण काही बदलू नका. मागच्या वर्षी डेट्रॉइटजवळून एक मराठी तरुण आला होता, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, बोलायला फार गोड. काका, काका म्हणत होता. त्याने साठच्या दशकातली एक गिटार बरेच पैसे मोजून घेतली होती. त्याला हवं होतं ते एवढंच, की ती अस्सल आहे असं मी लिहून द्यावं. मी वाजवायला दिली तर म्हणाला, "नको काका, मी तिला काही करत नाही. पाच वर्षांनी विकायची आहे." २००७-०८पर्यंत हे भाव असेच चढत होते, मग आर्थिक संकट आलं आणि पार खाली आले, हे मी त्याला सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं. जाताना पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून गेला. मुलगा चांगला होता, म्हणूनच मला वाईट वाटलं. कॉलेजात गिटार शिकलो होतो असं तो बोलता बोलता म्हणाला होता.

शिकाऊ पोरांच्या गिटारीही आता सुटल्या नाहीत. १९५४ साली गिब्सनने लेस पॉल ज्युनिअर काढली ती शंभर डॉलरच्या आतली. सपाट लाकूड, एक पिकअप, नक्षी नाही, मुलांनी घ्यावी म्हणून. तिलाही आज हजारो डॉलर पडतात. सत्तरच्या दशकातल्या ज्या गिटारींना आम्ही वाईट म्हणून नावं ठेवायचो त्याही केवळ वय झालं म्हणून महाग झाल्या आहेत. सोळा वर्षांच्या मुलाने जुन्या गिटारवर हात ठेवावा अशी सोय उरलेली नाही. पॅट मेथेनी यांनी पोरवयात घेतलेली त्यांची गिटार १९५८चीच ईएस-१७५ होती, आजींच्या गिटारची बहीण. वायरची खोबण ढिली झाली तेव्हा त्यांनी टूथब्रश खोचून ती घट्ट केली आणि तशीच जगभर वाजवली.

या भावातला पैसा कुणाला मिळतो, हेही बोललं पाहिजे. फेंडरच्या कारखान्यात टाडेओ गोमेझ नावाचे कामगार माना घासायचे आणि टोकाला पेन्सिलीने आपली आद्याक्षरं घालायचे. आज त्या 'टीजी'ची अक्षरं दिसली की व्यापारी आवाज खाली आणून बोलतात. अबिगेल इबारा १९५६ साली फेंडरमध्ये लागल्या आणि अनेक दशकं तिथे पिकअप गुंडाळत राहिल्या. त्यांच्या हातच्या पिकअपसाठी आज लोक नंबर लावतात. इथे पार्सन्स स्ट्रीटवर युद्धाच्या काळात पुरुष लढाईवर गेले तेव्हा बायकांनी गिटारी बनवल्या. त्याही आता संग्राहकांच्या कपाटात आहेत. या सगळ्या माणसांना मिळाला तो तासाचा पगार. १९८४ साली कारखाना बंद झाला तेव्हा या शहरातल्या कितीतरी घरांची चूल थंडावली. अडीच कोटींच्या बर्स्टमधला एक सेंटही पार्सन्स स्ट्रीटवर परत आलेला नाही. येईल अशी तजवीजही नाही, कारण हा सगळा व्यवहार एका संग्राहकाकडून दुसऱ्या संग्राहकाकडे चालतो.

हाच पैसा आज बनवणाऱ्याकडे वळला तर किती बदल होईल! या शहरात, नॅशव्हिलमध्ये, जपानमध्ये, आपल्याकडेही हाताने गिटार घडवणारी तरुण मंडळी आहेत. लाकडाचंच बघा. जुन्या बर्स्टच्या मानेवरची पट्टी ब्राझिलच्या शिसवीची असते. ते झाड इतकं कमी झालं, की १९९२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. अशी गिटार सीमेपलीकडे न्यायची तर कागदपत्रं लागतात. त्या शिसवीच्या जागी जगाने आपली शिसव धरली, पश्चिम घाटात होते तीच. मिरजेच्या घरात आजीचा पलंग शिसवीचा होता. बाकावर एखादी नवी गिटार उघडतो तेव्हा पट्टीवर हात फिरवून मला ओळख पटते. ही शिसव कुणाच्या तिजोरीत गेलेली मला नको आहे. तिच्यावर घाम पडावा, तेल लागावं, बोटांनी खळगे पडावेत.

संग्राहकांमध्येही वेगळी माणसं आहेत, हे मी मान्य करतो. पीटर ग्रीन यांची १९५९ची लेस पॉल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गॅरी मूर या तरुणाला अगदी नाममात्र पैशात दिली. पुढे हातोहात ती फार महाग झाली आणि २०१४ साली मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेट यांच्याकडे आली. ते ती मंचावर वाजवतात, दुसऱ्या वादकांच्या हातातही देतात. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने एवढं जरी केलं तरी माझं भांडण निम्मं मिटेल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला २०२५ साली एका संग्राहकाकडून पाचशेहून अधिक गिटारी मिळाल्या. त्या काचेमागे गेल्या तरी वर्षातून काही संध्याकाळी काढून वाजवाव्यात, झिजलेले फ्रेट बदलावेत, त्याची नोंद ठेवावी. आणि किमतीची पुस्तकं काढणाऱ्यांनी 'दुरुस्त' हा शब्द उणेच्या रकान्यातून काढावा. चांगल्या हाताने बदललेले फ्रेट हा दोष नाही. दुरुस्ती करणाऱ्याचं काम त्यात दिसतं.

आजींना मी खरं सांगितलं. अख्खी गिटार विकली तर कमी पैसे मिळतील, पिकअप वेगळे काढून विकले तर जास्त. आमच्याकडे म्हणतात, हत्ती जिवंत लाखाचा, मेला तर सव्वा लाखाचा. पण अशा भावाने हत्ती मारायचीच चट लागते, हेही सांगितलं. हे दोन पिकअप आता कुठल्यातरी नकली किंवा अर्धवट बर्स्टमध्ये बसतील, ती गिटार 'अधिक मूळ' होईल आणि त्यासाठी एक खरीखुरी, वाजणारी गिटार संपेल. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग निवासाच्या खर्चाचा कागद पर्समधून काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर मी काय बोलणार? त्यांचा निर्णय बरोबर होता. चूक त्यांना तो निर्णय घ्यायला लावणाऱ्या भावाची आहे.

मार्चमध्ये तिचे सुटे भाग विक्रीला आलेले मी पाहिले. दोन पिकअप वेगवेगळे, तारा अडकवायची पट्टी वेगळी, आवाजाच्या बटणांचा संच वेगळा. एका पिकअपच्या झाकणावर कोपऱ्याशी अर्धचंद्रासारखा ओरखडा होता, तो माझ्या ओळखीचा. खाली लिहिलं होतं, मूळ सोल्डर, कधी न उघडलेला.

लाकूड आजींच्या मुलीकडे पडून होतं. मी ते विकत घेतलं. आत भोकातून दिवा धरला की गिब्सनचं लंबगोल लेबल दिसतं, क्रमांकासकट. कालच्याइतकं स्वच्छ. एका छोट्या कारागिराकडून नवे पिकअप मागवले, नव्या खुंट्या लावल्या. वॉर्निश काढलं नाही, ते तसंच ठेवलं. मग एका दुपारी सोल्डरिंगच्या लोखंडाने एकेक जुना फ्रेट तापवून उपसला, पट्टी सपाट केली, नवी तार वाकवून, ठोकून बसवली, कानशीने माथे गोल केले. जुने फ्रेट एका डबीत घालून आजींना पाठवले. त्यांना त्या खळग्यांवरून बोट फिरवता येईल म्हणून.

गिटार आता इथल्या एका सरकारी शाळेच्या जाझ बँडमध्ये आहे. दहावीतली एक मुलगी ती वाजवते. हात अजून जड आहे तिचा, तार दाबते ती इतक्या जोराने की सूर वर सरकतो. गुरुवारी संध्याकाळी सरावानंतर ती दुकानात आली होती. पहिल्या तीन फ्रेटवर आत्ताच बारीक रेषा उमटल्या आहेत. या वेगाने चार वर्षांत ते बदलावे लागतील. त्याच जाडीची तार मी मागवून ठेवली आहे.